स्लोलीसर

चौगुले सरांना "कसं काय, सर?" असं सहज विचारायची सोय नव्हती. उत्तर इंग्रजीत यायचं आणि त्यात एक तरी क्रियाविशेषण असायचंच. बरं चाललं असलं तर "गोइंग स्मूदली, बाई." सर्दी झाली असली तर "ब्रीदिंग हेविली." एकदा मुख्याध्यापकांनी या महिन्याचा पगार लांबणार असं सांगितलं. आम्ही सगळे तोंडं पाडून बसलो होतो, तेवढ्यात सर म्हणाले, "वी शॅल वेट पेशंटली." मुख्याध्यापकांना तो टोमणा वाटला आणि ते दोन दिवस सरांशी बोलले नाहीत. वास्तविक टोमणा मारणं सरांना जन्मात जमलं नसतं. त्यांना ते वाक्य खरोखरच चांगलं वाटलं होतं, एवढंच.

आमची शाळा निपाणीच्या बाहेर, हमरस्त्याला लागून होती. एका अंगाला तंबाखूच्या वखारी. वारा फिरला की वर्गात तंबाखूचा खाट, नाक झोंबवणारा उग्र वास, यायचा आणि पोरं रांगेनं शिंकायची. मी तिथं हिंदी शिकवत असे आणि सर इंग्रजी. सीमाभागातल्या शाळेत मराठी आणि कन्नड यांचं भांडण कायमचं. त्यात इंग्रजी पंचासारखी खुर्चीवर. माझी हिंदी म्हणजे लग्नाला आलेली लांबची पाहुणी, तिला कुणी जा म्हणत नाही आणि कुणी जेवलीस का म्हणूनही विचारत नाही. त्यामुळे मला सरांचा थोडा हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही यायचा.

सर मूळचे खानापूरकडचे, शेतकरी घरातले. उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशाला कायम खडूची भुकटी. थंडी असो नसो, दिवाळी झाली की गळ्यात तपकिरी मफलर यायचा आणि होळीपर्यंत हलायचा नाही. त्यांच्याकडं एक स्कूटर होती. त्या काळात स्कूटर म्हणजे नंबर लावायचा आणि विसरून जायचं. सरांनी लग्नानंतर नंबर लावला आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर स्कूटर आली. एवढी वाट बघून आलेली वस्तू माणूस डोक्यावर घेणारच. रोज सकाळी जुन्या धोतराच्या तुकड्यानं ते तिला पुसत, मग देवळाला घालावी तशी तिला एक प्रदक्षिणा घालत. टायर दाबून बघत, ब्रेक दाबून बघत, दिवा लावून बघत. मग बसत. आणि मग ती इतक्या हळू चालवत की वखारीकडं जाणाऱ्या बैलगाडीतला गडी त्यांच्याशी गप्पा मारू शकत असे.

त्यांच्या क्रियाविशेषणांचा सगळा धडा या स्कूटरवर बसून आला होता. आठवीच्या वर्गात ते फळ्यावर मधोमध एकच क्रियापद लिहीत, ड्राइव्ह, आणि पोरांना म्हणत, "याला विचारा, कसं?" पोरं ओरडत, "कसं?" मग सर उत्तरं लिहीत. स्लो, त्याला एल-वाय लावला की स्लोली. केअरफुल, त्याचं केअरफुली. जेंटल असेल तर शेवटचा ई गाळायचा, जेंटली. हॅपी असेल तर वायचा आय करायचा, हॅपिली. आणि फास्ट? फास्टचं फास्टच राहतं, त्याला काही लावायचं नाही. "फास्टला कुणाचं ऐकायची सवय न्हाय," असं ते म्हणत आणि पोरं हसत.

विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला फरक सांगायची त्यांची एक तऱ्हा होती. तो केअरफुल ड्रायव्हर आहे, हे झालं माणसाबद्दल, असं सर्टिफिकेट कुणीही स्वतःला देतो. तो केअरफुली चालवतो, हे झालं चालवण्याबद्दल, आणि ते बघायला रस्त्यावरच उभं राहायला पाहिजे. वाक्यात ते कुठं बसतं तेही तसंच. ही ड्राइव्ह्ज द स्कूटर केअरफुली. कर्माच्या मागं, बायको बसते तसं, मागच्या सीटवर. मधे घुसवायचं नाही, तोल जातो.

शेवटी वही बंद करायला लावून ते नुसता उपदेश करत. आमच्या पोरांतली निम्मी पुढं ट्रकवर आणि टेम्पोवर जाणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून असेल. वळणावर पुढं काढू नका. समोरून गाडी आली की दिवा खाली करा, त्याच्या डोळ्यांवर मारू नका. उसाच्या गाड्यांना मागं दिवा नसतो, सांज झाली की अंतर ठेवा. वखारी सुटायच्या वेळेला बायका रस्त्याच्या कडेनं रांगेनं चालतात, तिथं तर गाडी हातात धरूनच न्या. आणि देव न करो, कुणाला धक्का लागलाच तर स्टॉप इमिजिएटली, हेल्प जेंटली, स्पीक ट्रूथफुली. ही तीन वाक्यं पोरं घसा फोडून म्हणत. शेजारच्या वर्गात मी कबीर शिकवत असले तरी मला तीच ऐकू येत.

साहजिकच सगळा गाव त्यांना स्लोलीसर म्हणायचा. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांच्या स्कूटरवर एकदाच बसले. परीक्षेचा दिवस होता, माझी गाडी चुकली होती आणि स्टँडवर ते दिसले. त्या काळात परक्या पुरुषाच्या मागं बसायचं म्हणजे गावाला आठवडाभराचं खाद्य, पण पेपर माझ्या ताब्यात द्यायचे होते, करते काय. सर वाटभर मोठ्यानं बोलत होते. मला वाटलं माझ्याशी बोलतायत, तर नाही. "नाऊ आय टर्न स्लोली. नाऊ आय ब्रेक जेंटली. डॉग इज क्रॉसिंग लेझिली." स्कूटर चालवताना ते असं सगळं इंग्रजीत जाहीर करत जायचे. शाळा आली तेव्हा घंटा होऊन गेली होती. मुख्याध्यापक दारात उभे होते आणि सर त्यांना शांतपणे म्हणाले, "वी हॅव अराइव्ड सेफली." चालत गेले असते तर लवकर पोचले असते, हे मी तेव्हा बोलले नाही, घरी जाऊन बोलले.

आता सरांचं खरं महत्त्व कशात होतं ते सांगते, कारण आमच्या भागाबाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही. कचेरीत अर्ज द्यायचा म्हटलं की आमची पंचाईत व्हायची. मराठीत नेला की म्हणायचे कन्नडात आणा. कन्नड बोलायला सगळ्यांना यायचं, बाजार त्याच्यावर चालायचा, पण लिहायला येत नव्हतं. आणि कुणाकडून लिहून घ्यायचं म्हटलं तर आपल्याच माणसांना वाटायचं, हा वाकला. यातून लोकांनी एक वाट काढली होती. अर्ज इंग्रजीत द्यायचा. त्यात कुणाचीच हार नाही. देणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्याला अर्धाच कळतो, पण दोघांचाही मान राहतो. त्यामुळे नळाचं कनेक्शन, हरवलेली म्हैस, बांधावरचं झाड, पोराचा दाखला, सगळ्याचं लेखन चौगुले सरांकडं. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात माणसं उकिडवी बसलेली असायची. सर पैसे घेत नसत. कुणी शेंगा आणायचं, कुणी वांगी, आणि ती शेवटी आम्हा सगळ्यांच्या पिशव्यांतून घरोघर जायची.

अर्जातही क्रियाविशेषण लागायचंच. रिस्पेक्टफुली, हंबली, अर्जंटली. म्हशीच्या अर्जात त्यांनी म्हैस दावं तोडून 'क्वाएटली' गेली असं लिहिलं होतं. मी विचारलं, सर, गेली कशी याच्याशी साहेबाला काय करायचंय? ते म्हणाले, "बाई, काय झालं ते सगळेच सांगतात. कसं झालं ते सांगितलं की माणूस विश्वास ठेवतो." एकदा एका ट्रकनं वखारीतल्या एका हमालाची सायकल चिरडली, तेव्हा त्याच्या फिर्यादीत सरांनी दोन शब्द घातले, रॅशली आणि निग्लिजंटली. चौकीवरच्या हवालदारानं ते वाचून मान डोलावली आणि फिर्याद तिथल्या तिथं घेतली. सरांना कोण आनंद. बेदरकारपणे आणि हयगयीनं, ही कायद्याची जोडी आहे, दोघं जिथं जातात तिथं बरोबर जातात, असं ते आम्हाला किती दिवस सांगत होते.

मग त्या थंडीतली गोष्ट. एका सोमवारी सर चालत शाळेला आले. विचारलं तर म्हणाले, केबल तुटलीय. कुणीतरी थट्टा केली, की स्कूटरवरून येताना लागतो त्यापेक्षा आज वेळ कमी लागला म्हणून. एरवी अशी थट्टा सर गोड मानून घेत. त्या दिवशी ते खाली बघून बसले. दुसऱ्या दिवशीही चालतच. आणि आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, बायकांच्या येतेच. भर थंडीत गळ्यात मफलर नव्हता.

बुधवारी मधल्या सुट्टीत शांता आली. ही शाळेचीच जुनी मुलगी. सातवीतून काढून तिला आईबरोबर वखारीत घातली होती, तंबाखू निवडायला. बरोबर शेजारची एक म्हातारी होती. स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलेली मी आणि सर एवढेच होतो, बाकी सगळे चहाला गेले होते. शांता दारातच म्हणाली, "सर, आईला गाडीनं उडीवलं. रविवारी सांजचं. दवाखान्यात हाय. चौकीवर लिवून आणा म्हणाल्यात, म्हणून आले."

तिची आई म्हणजे ताराक्का. मी तिला ओळखत होते. वखारी सुटल्या की बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढं चालणारी, मोठ्या आवाजाची बाई. रविवारी हंगामाचं काम होतं, ते आटोपून त्या बायका कडेकडेनं घरी निघाल्या होत्या. मागून एक स्कूटर आली आणि ताराक्का पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

सरांनी कागद पुढं ओढला. एरवी अर्ज लिहिताना ते माणसाला प्रश्न विचारून विचारून हैराण करत. त्या दिवशी एकही प्रश्न नाही. शांता सांगत होती आणि ते लिहीत होते. नंबर कुणी बघितला न्हाय, अंधार पडत आलता. कानाला मफलर बांधलंतं त्यानं, त्यामुळं तोंड दिसलं न्हाय. एवढा वळून बघितला आणि तसाच गेला. बायका वरडल्या, तरी गेला.

मी वह्यांवरून मान वर केली आणि सरांकडं बघितलं. मग बघवेना म्हणून पुन्हा वहीत बघायला लागले. पुढ्यात कुणाची वही होती, काय लिहिलं होतं, काही दिसत नव्हतं. मला लाज वाटत होती. कुणाची, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

शांता म्हणाली, "सर, कशी चालवत हुता ते लिवा की. मागं त्या हमालाच्या कागदात लिवलंतं न्हवं तुमी? त्येच्यानं लगीच घेतलंतं म्हणं."

सरांनी पेन खाली ठेवलं. टोपण शोधलं, लावलं. आणि म्हणाले, "शांता, तो मी होतो."

तिला कळलं नाही. ती "काय, सर?" म्हणाली.

"तुझ्या आईला मी पाडलं. आणि थांबलो न्हाय."

वर्गात, घरात, अर्ज लिहिताना, सर कायम पुस्तकासारखं मराठी बोलत. तो 'न्हाय' त्यांच्या तोंडून मी फळ्यासमोरच्या विनोदातच ऐकला होता. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता शांता ओरडेल, रडेल, बाहेर जाऊन माणसं गोळा करेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. तिनं टेबलावरच्या अर्ध्या लिहिलेल्या कागदाकडं बघितलं आणि विचारलं, "मग आता ह्ये कोण लिवणार?"

सरांनी कागद तिच्याकडं सरकवला.

"लिवा तुमीच," शांता म्हणाली. "दुसरं कोण हाय आमास्नी?"

आणि सरांनी लिहिलं. स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, शाळेचं लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला. रॅशली लिहिलं, निग्लिजंटली लिहिलं. मग नेहमीप्रमाणं सगळा मजकूर तिला मराठीत वाचून दाखवला, शब्दाचा अर्थ सांगून, बेदरकारपणे म्हणजे काय आणि हयगयीनं म्हणजे काय. तिनं विचारलं, पळून गेला ते घातलंय का? ते राहिलं होतं. त्यांनी खाली ते वाक्य घातलं. शांतानं सही केली, सरांनीच एके काळी शिकवलेली, तिरकी आणि मोठी. मग मला म्हणाले, "बाई, माझा आठवीचा तास घ्याल?" आणि त्या दोघींच्या मागोमाग चौकीच्या रस्त्याला लागले. मी आठवीला गप्प वाचत बसायला सांगितलं आणि खिडकीत उभी राहिले. रस्त्यावर दोघी पुढं होत्या आणि सर बरंच अंतर ठेवून मागं.

शाळेत काय गहजब झाला ते सांगत बसत नाही. मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि दार लावलं, पण आमच्या शाळेची दारं लावून न लावल्यासारखीच. "त्यांनी तुम्हाला ओळखलंच नव्हतं, मग सांगायची काय गरज होती?" असं ते म्हणत होते. खानापूरकडून सरांचे दोन चुलते आले, मिटवून टाकू म्हणाले, वखारीतली बाई ती, तिचं काय एवढं. स्टाफमधल्या शहाण्यांनीही तोच सल्ला दिला. सर कुणाशी वाद घालत नव्हते आणि कुणाचं ऐकतही नव्हते. कोर्टात तारीख लागली तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. दवाखान्याचा खर्च त्यांनी केला आणि ताराक्कानं तो करू दिला. स्कूटर विकायला काढली, तर आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला यांनी आधी अपघाताची हकिगत सांगितली. ते गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून गेलं. अशी कितीतरी गेली.

का पळालात, हे मी त्यांना कधी विचारलं नसतं. त्यांनीच एकदा व्हरांड्यात सांगितलं. त्या रविवारी ते नेहमीसारखे चालले होते. मागून एक ट्रक आला, त्यात त्यांचाच जुना विद्यार्थी. पुढं काढताना त्यानं बाहेर डोकं काढून हाक मारली, "ओ स्लोली, बैल बरा!" आणि क्लीनर हसला. बस्स, एवढंच. इतकी वर्षं ऐकलेलं नाव, पण त्या दिवशी ते त्यांना लागलं. त्यांनी स्कूटरचा कान पिळला, वेग वाढवला. ट्रकला गाठायचं, एकदा तरी पुढं काढून दाखवायचं. ट्रक गेला आणि त्याच्या धुरळ्यात बायकांची रांग होती. "बाई, चाळिशी उलटलेला माणूस मी," एवढं म्हणून त्यांनी खिशावरची खडूची भुकटी झटकली. मग म्हणाले, थांबलो असतो तर बायकांनी मारलं असतं, तेवढीच भीती वाटली. ती कशी आहे, जगली का मेली, हे घरी गेल्यावर डोक्यात आलं. तीन दिवस त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मफलर त्याच रात्री चुलीत घातला होता, आणि पुरावा म्हणून घातला, हेही त्यांनी मला सांगितलं. एवढं सांगायची काही गरज नव्हती. पण त्यांना आता काही झाकायचं धाडस राहिलं नव्हतं.

त्यानंतर सरांचा तो धडा गेला. क्रियाविशेषणं शिकवावीच लागत, तेव्हा ते पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवत. ती मुलगी गोड गाते, ससा जोरात पळतो. शेजारच्या वर्गात आता माझा कबीर मला नीट ऐकू यायचा आणि मला तो नकोसा व्हायचा. कसं काय सर म्हटलं की ते नुसतं "बरं" म्हणत. अर्जवाले काही दिवस यायचे थांबले, मग पुन्हा यायला लागले, कारण जाणार कुठं. सर म्हणाले, "मला वाटलं होतं, लोक आता यायचे नाहीत. नसते आले तर बरं झालं असतं." माणसं पूर्वीसारखीच उकिडवी बसत, शेंगा आणत, वाकून नमस्कार करत. प्रत्येक नमस्काराला सर मान आणखी खाली घालत. त्यांचं ते खाली बघणं मला बघवत नसे. वाटायचं, एकदा कुणीतरी यांच्या तोंडावर काय ते बोलून टाकावं.

पण बोलायचं कुणी? ताराक्काचं हाड वाकडं जुळलं. एक पाय आखूड झाला आणि मांडी घालता येईना. तंबाखू निवडायचं काम सगळं बैठकीचं, ते सुटलं. तिनं स्टँडजवळ फुटाणे-शेंगा विकायला सुरुवात केली, स्टुलावर बसून. सर दर रविवारी तिच्या घरी जात. कधी डॉक्टरकडं न्यायचं असे, कधी काहीच नसे. ताराक्का त्यांना घोंगडं अंथरून देई. "या सर, बसा," म्हणे. शांताला चहा ठेवायला सांगे. सर बसत, चहा पीत, उठून येत. मी एकदा बरोबर गेले होते. त्या घरात सरांचा जेवढा मान होता तेवढा आमच्या स्टाफरूममध्ये कधी नव्हता, आणि सर घोंगड्याच्या अगदी कडेला बसले होते, अर्धे जमिनीवर. परत येताना वाटेत म्हणाले, "बाई, ती अजून मला सर म्हणते. अहो-जाहो करते. एकदा तरी तिनं शिव्या द्याव्यात. मोठ्या तोंडाची म्हणून वखारीत प्रसिद्ध होती हो ती. मीच अर्ज लिहून देणारा, माझ्यावर चिडायची चोरी झालीय तिला." मी म्हटलं, तिनं क्षमा केली असेल. सर म्हणाले, "क्षमा करायला आधी चिडावं लागतं. तेवढंही मी तिला ठेवलं नाही."

मग माझी बदली बेळगावला झाली. खासबागेत भाड्यानं राहिले, तिथलीच झाले. निपाणीला जाणं कमी होत गेलं. सर निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी कळलं, ताराक्काकडं अजून दर रविवारी जातात हेही कळलं.

त्यांना शेवटचं बघितलं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, निपाणीच्या स्टँडवर. एका लग्नाला गेले होते आणि दुपारच्या बेळगाव गाडीत खिडकीजवळ जागा धरून बसले होते. गर्दी होती, लोक दारात लोंबत होते. खाली ताराक्का दिसली. काठी, डोक्याला फडकं, बगलेत गाठोडं. शांताला बेळगावात दिली होती, तिच्याकडं निघाली असणार. तिच्यामागं सर होते. केस सगळे पांढरे झालेले, पाठ वाकलेली. ताराक्कानं दांडा धरला, चांगला पाय पायरीवर टाकला आणि वाकडा पाय वर ओढायला लागली. तो काही येईना. मागचे लोक घाई करत होते, कंडक्टर चला चला म्हणत होता. सरांनी पुढं होऊन तिच्या कोपराला हात लावला.

ताराक्का वळली. तिनं त्यांचा हात असा झटकला की काठी माझ्या खिडकीखाली येऊन आपटली. "सोड की हात, मुडद्या!" ती ओरडली. तो वखारीतला आवाज अख्ख्या स्टँडवर गेला. "पाडलास तेवढं बास झालं न्हवं? पायाचं वाटोळं केलंस आन् आता वर चढीवतोस व्हय? माज्या पोटावर पाय दिलास रं, भाड्या, माज्या पोटावर!"

गाडीत कुणीतरी हसलं, कुणी चुकचुकलं. खाली उतरावं, सरांना बाजूला घ्यावं असं वाटलं, पण गर्दीतून उठताच येत नव्हतं. ताराक्का दोन्ही हातांनी दांडा धरून आपली आपण वर आली. सरांनी खाली पडलेली काठी उचलली, पुसली आणि वर दिली. तिनं त्यांच्याकडं न बघता ती ओढून घेतली.

लोकांनी तिला जागा करून दिली, ती माझ्या शेजारीच टेकली. तिनं मला ओळखलं नाही. धाप लागली होती. पदरानं तोंड पुसून ती कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "लई वर्सं तोंडात आलतं."

गाडी सुरू झाली. मी खिडकीतून मागं बघितलं. सर तिथंच उभे होते. भोवती माणसं जमली होती, त्यांच्याकडं बोट दाखवून काही विचारत होती, आणि सर सगळ्यांना होकाराची मान हलवत होते. मान खाली नव्हती. मास्तरांचा मार खाऊन, रडून झालेलं पोर बाहीनं डोळे पुसत जागेवर येऊन बसतं ना, तसा त्यांचा चेहरा होता.